पाणी कुठे हवं, कुठे नको

नाशिकहून एका मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलंय. त्यातला मुद्द्याचा भाग तिच्याच शब्दांत देते:

"जानेवारीत लेकीचा बारावा वाढदिवस होता. बर्गर आणि फ्राइज सगळं घरीच करायचं, असा मी हट्ट धरला. दुपारी चारला सुरुवात केली. बन दगडासारखे झाले. टिक्की तव्यावर सुटली. फ्राइज बाहेरून काळपट झाले, म्हणून लवकर काढले, तर पाच मिनिटांत लुळे पडले. सासूबाई अंडं खात नाहीत आणि त्या दिवशी त्यांचा शनिवार होता. निदान फ्राइज खातील असं वाटलं होतं, पण कुरकुरीत व्हावेत म्हणून मी त्यांना कॉर्नफ्लोअर लावून बसले. ह्यांना मटणाचा बर्गर हवा होता, तो राहूनच गेला. सगळ्यांना वाढून साडेदहाला मी ओट्यापाशी उभ्याने खाल्लं. लेक म्हणाली, 'आई, पुढच्या वेळी मागवूया ना.' ताई, हे खरंच घरी होण्यासारखं आहे का?"

प्रिय मैत्रिणी,

होण्यासारखं आहे. आणि तुझा हात वाईट नाही, हे आधी सांगते. पत्रात तू प्रत्येक पायरी इतकी नीट लिहिली आहेस की काय बिघडलं ते मला इथे बसून दिसतंय. तिन्ही गोष्टी एकाच कारणाने बिघडल्या. जिथे पाणी हवं होतं तिथे तू हात आखडता घेतलास आणि जिथे नको होतं तिथे ते राहू दिलंस. बनला पाणी कमी पडलं. टिक्कीत, फ्राइजमध्ये ते जास्त झालं.

बनपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त त्रास तुला त्यांनीच दिला. तू लिहितेस, "पीठ हाताला फार चिकटत होतं म्हणून थोडा थोडा मैदा घालत गेले." बन तिथेच दगड झाले. आपला हात पोळीच्या कणकेला सरावलेला असतो. परातीला न चिकटणारा, गोळा धरणारा उंडा म्हणजे चांगलं पीठ, हे आपण लहानपणापासून शिकलेलो. बनला ते लागू नाही. इथे पुरणपोळीची कणीक आठव. सैलसर, तेलाच्या हाताने तिंबून तिंबून तार यायला लागलेली. तिला आपण कोरडं पीठ लावून घट्ट करत नाही, तिंबतच राहतो. बनचं पीठही तसंच. पहिली सात-आठ मिनिटं ते बोटांना, परातीला, बांगड्यांना चिकटेल. चिकटू दे. दहा-बारा मिनिटांनी ते आपोआप हात सोडायला लागतं. लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांनी हळूहळू ताणून पाहा. न फाटता पातळ पापुद्रा झाला आणि त्यातून पलीकडची बोटं पुसटशी दिसली, तर पीठ झालं. फाटला तर आणखी पाच मिनिटं तिंब.

अंड्याशिवाय बन मऊ राहायला एक युक्ती आहे, ती जपान-चीनकडच्या पावांत सर्रास वापरतात. त्यातला थोडा मैदा आधी शिजवून घ्यायचा. संक्रांतीला पतंग चिकटवायला खळ करतो ना, तशी. २५ ग्रॅम मैदा १२५ मिली दुधात गुठळी न राहता कालव आणि मंद आचेवर ढवळत राहा. चमच्याने रेघ ओढली की क्षणभर तशीच राहते इतकी दाट झाली की उतरव आणि गार कर. शिजलेला मैदा कच्च्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरून ठेवतो, म्हणून बन दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. या खळीत ३७५ ग्रॅम मैदा, १४० मिली कोमट दूध, दोन मोठे चमचे दही, ३० ग्रॅम साखर, सव्वा छोटा चमचा मीठ आणि दीड छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट घाल. पीठ एकत्र आलं की वीस मिनिटं झाकून ठेव, मग ४० ग्रॅम मऊ लोणी घालून तिंबायला लाग. एवढ्यात साधारण ८५ ग्रॅमचे नऊ बन होतात. कपाने किंवा वाटीने मोजू नकोस. प्रत्येकीची वाटी वेगळी, आणि बन बिघडायला पन्नास ग्रॅम जास्तीचा मैदा पुरतो. घरात छोटा काटा नसेल तर घे, पुढे दिवाळीच्या फराळालाही कामाला येईल.

दुसरी गोष्ट थंडीची. पाककृतीत एक तास फुगवा असं होतं, म्हणून तू तासाने गोळे वळायला घेतलेस. पण नाशिकची जानेवारी! त्या हवेत यीस्ट गारठून बसतं आणि तासाच्या कामाला दोन तास लागतात. घड्याळ बाजूला ठेव आणि पीठ दुप्पट झालं का तेवढंच बघ. ओटीजी बंद ठेवून आत पातेलंभर कढत पाणी आणि शेजारी पिठाचं भांडं ठेवलंस तर छान ऊब मिळते. गोळे वळल्यावर तळहाताने दाबून नऊ सेंटिमीटर रुंद कर, नाहीतर ते वर फुगून लाडूसारखे दिसतात आणि बर्गर तोंडात मावत नाही. पुन्हा पाऊण तास झाकून ठेव. वरून दुधाचा हात, हवे तर तीळ, आणि १९० अंशांवर तापलेल्या ओटीजीत १५ ते १७ मिनिटं. बाहेर काढल्या काढल्या वरून लोणी फिरव आणि सुती फडक्याने झाकून ठेव. बनमधली वाफच वरचा पापुद्रा मऊ करते. पूर्ण गार झाल्याशिवाय मात्र सुरी लावू नकोस.

आता टिक्की. बटाटेवडा फुटत नाही, कारण बेसनाचं आवरण त्याला धरून ठेवतं. आतली भाजी कितीही मऊ असली तरी चालते. टिक्कीला तो आधार नाही, तिला स्वतःच्या बळावर उभं राहायचं असतं. तू बटाटे सोलून, कापून, कुकरमध्ये पाण्यात उकडलेस आणि गरम असतानाच कुस्करून लगेच थापलेस. बटाट्याने पाणी पिऊन घेतलं, वर मटारांचं पाणी आलं, आणि आधीच घातलेल्या मिठाने आणखी पाणी सोडवलं.

आदल्या दिवशी अर्धा किलो बटाटे सालीसकट, अख्खे उकड. पाणी काढून टाक, गार कर आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेव. उकडलेला बटाटा गार झाला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो. दुसऱ्या दिवशी सोलून किसणीवर किस. कुस्करलास तर तो चिकट होतो, किसलास तर मोकळा राहतो. वाटीभर मटार वाफवून फडक्यावर कोरडे कर आणि जाडसर ठेच. आलं-मिरची, धणे-जिरे पूड, थोडं आमचूर. ओलावा शोषायला ब्रेडपेक्षा मला पोहे आवडतात. अर्धी-पाऊण वाटी जाडे पोहे कोरडे भाजून मिक्सरमध्ये भरड कर आणि मिसळून दहा मिनिटं थांब. मीठ अगदी शेवटी, थापायच्या आधी. बनइतक्या रुंद, दीड सेंटिमीटर जाड टिक्क्या कर, मैद्याच्या पातळ घोळात बुडवून ब्रेडक्रम्समध्ये घोळव आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव. तव्यावर तेल नीट तापल्यावरच सोड, आणि एक बाजू खरपूस होईपर्यंत हात लावू नकोस. लवकर उलटायच्या घाईत निम्म्या टिक्क्या सुटतात.

तुझ्या ह्यांच्या मटणाच्या बर्गरलाही हाच नियम. आपण खिमा आणतो आणि घरी चाळणीत धुतो. बारीक झालेल्या मांसात ते पाणी अडकून बसतं, आणि तव्यावर पॅटी भाजली जायच्या ऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजते. म्हणून खाटकाला सांग, मटण आधी धुऊन, पुसून, मग थोड्या चरबीसकट खिमा काढ. पाचातला एक भाग चरबी हवी. मूळ अमेरिकी बर्गर गोमांसाचा, आणि त्यातही चरबीचं प्रमाण साधारण एवढंच असतं. मॅक्डोनल्ड्सने १९९६ मध्ये भारतात दुकानं उघडली ती गोमांसाशिवाय, त्यामुळे इथे मोठं झालेल्या कित्येकांना बर्गर म्हणजे मसालेदार टिक्की किंवा चिकनच माहीत. मांसाच्या पॅटीची रीत अगदी उलटी आहे. खिम्यात कांदा, कोथिंबीर, गरम मसाला काही घालू नकोस, नाहीतर शामी कबाब होईल. मीठसुद्धा आत मळू नकोस, मिठाने खिमा चिवट होतो. हलक्या हाताने बनपेक्षा बोटभर रुंद थाप, कारण ती आक्रसते. मधोमध अंगठ्याने खळगा कर, म्हणजे फुगून चेंडू होणार नाही. तव्यावर टाकायच्या क्षणी दोन्ही बाजूंना मीठ आणि मिरपूड. आत गुलाबी राहता कामा नये. अख्ख्या तुकड्याच्या बाहेरच असलेले जंतू खिम्यात आतपर्यंत गेलेले असतात.

फ्राइजवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण लेकीचं ते वाक्य बहुधा त्यांच्यामुळेच आलं.

पत्राच्या तिसऱ्या पानावर तू सहज लिहून गेलीस की बटाटे आठवडाभर फ्रिजमध्ये होते. काळे पडण्याचं मूळ तेच. फ्रिजच्या गारव्यात कच्च्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते. चवीला ते गोडसर लागतात आणि तेलात पडले की आतून शिजायच्या आत बाहेरून करपतात. मग आपण घाबरून लवकर काढतो, आतलं पाणी आतच राहतं, आणि तेच पाणी वाफ होऊन पाच मिनिटांत बाहेरचा कुरकुरीतपणा मऊ करून टाकतं. तुझे काळपट फ्राइज आणि लुळे फ्राइज ही दोन वेगळी दुखणी नव्हती. कॉर्नफ्लोअरने त्यावर काही होणार नव्हतं.

कच्चे बटाटे फ्रिजमध्ये ठेवायचेच नाहीत. टोपलीत, अंधाऱ्या, हवेशीर जागी. शीतगृहातून आलेले गोडसर बटाटेसुद्धा असे दोन-तीन आठवडे बाहेर राहिले की बरेच सुधारतात, साखर पुन्हा स्टार्चकडे वळते. आणि जानेवारीत बाजारात नवा बटाटा असतो, ज्याची साल नखाने निघते. रश्शाला तो उत्तम, पण त्यात पाणी जास्त, फ्राइजला उपयोगाचा नाही. जाड, कोरड्या सालीचा, लांबट, हातात जड लागणारा बटाटा निवड. शंका आली तर अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवून त्यात बटाटा सोड. तळाला बसला तर स्टार्च भरपूर, फ्राइजला घे. तरंगला तर भाजीला.

किलोभर बटाटे सोल आणि करंगळीएवढे, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर जाड काप. गार पाण्यात अर्धा तास ठेव, पाणी नितळ दिसेपर्यंत दोन-तीनदा बदल. वरचा सुटा स्टार्च आणि साखर त्यात निघून जाते. मग पातेल्यात दीड लिटर पाणी, दीड मोठा चमचा व्हिनेगर आणि थोडं मीठ घालून त्यात हे काप उकळी फुटण्याच्या बेतात आठ-दहा मिनिटं शिजव. व्हिनेगर कशाला, तर तुला एक गोष्ट आठवून देते. आमटीत चिंच आधी पडली की त्यातला बटाटा शिजता शिजत नाही, म्हणून आई ओरडायची ना? आंबटाने बटाट्याची वीण सैल होत नाही. आमटीत तो आपला वैरी, इथे तोच मित्र. काप आतून पूर्ण शिजतात आणि तरी मोडत नाहीत.

हे काप जुन्या सुती साडीवर एकेक सुटे पसर आणि पंख्याखाली वीस मिनिटं ठेव. वरून हात फिरवला की कोरडे, किंचित खरखरीत लागले पाहिजेत. ही पायरी गाळू नकोस. मग शेंगदाण्याचं तेल तापव आणि पहिलं तळण १६० अंशांच्या आसपास. थर्मामीटर नसेल तर एक काप टाकून बघ. तो खाली जाऊन बारीक बुडबुड्यांसकट सावकाश वर यायला हवा. चार-पाच मिनिटांनी फ्राय अजून फिकट, पिठूळ पांढरी असते आणि झाऱ्यावर उचलली की वाकते. दिसायला ती फसल्यासारखी वाटेल, तरी लगेच काढ. गार झाल्या की ताटात पसरून फ्रीझरमध्ये ठेव आणि कडक झाल्यावर पिशवीत भर. गोठताना आतल्या पाण्याचे स्फटिक बटाट्याच्या पेशी फोडतात, त्यामुळे दुसऱ्यांदा तळताना पाणी भराभर निघून जातं आणि आतला गर हलका होतो. बाजारातली गोठवलेली फ्राइजची पाकिटं आपण कच्ची समजतो, पण तीही एकदा तळूनच आलेली असतात. बेल्जियममध्ये फ्राइज दोनदा तळायचा रिवाज जुनाच आहे.

दुसरं तळण पानं मांडल्यावर. तेल १९० अंशांपर्यंत, काप पडताक्षणी खळखळून बुडबुडे यायला हवेत. कढईत एका वेळी दोन मुठींपेक्षा जास्त टाकू नकोस, तेल गार पडतं. दोन-तीन मिनिटांत रंग सोनेरी होतो. त्याआधी कानाला कळतं, बुडबुड्यांचा आवाज बसत जातो, म्हणजे पाणी संपत आलं. मोठ्या चाळणीत काढ, तिथेच मीठ. डब्यात भरून झाकण लावायचं नाही, त्या दिवशी तू "गरम राहावेत म्हणून" तेच केलंस. वर्तमानपत्रावरही काढू नकोस, शाई अन्नाला लागते.

सासूबाईंसाठी वेगळं काही करायची गरज नाही. नुसता बटाटा, शेंगदाण्याचं तेल आणि मीठ, तुमच्याकडे लागत असेल तर सैंधव. व्हिनेगर त्यांना चालत नसेल तर त्याऐवजी लिंबाचा रस घाल, काम तेच होतं. फक्त दोन्ही वेळा फ्राइज आधी, कोऱ्या तेलात तळ आणि टिक्की वेगळ्या तव्यावर. पहिला घाणा त्यांच्या ताटात.

सॉसबद्दल थोडक्यात. बिनअंड्याचं मेयोनीज विकत मिळतं, पण श्रीखंडाला बांधतो तसा चक्का बांधून त्यात लसूण, मीठ, साखर, चमचाभर तेल आणि फेसलेली मोहरी घातलीस तर मला ते जास्त आवडतं. पाणी नितळलेलं असल्याने बन भिजत नाही. टोमॅटोच्या चकत्यांना मीठ लावून पाच मिनिटांनी टिपून घे. बनच्या कापलेल्या बाजू लोण्यावर खरपूस भाज, त्या थरातून रस आत उतरत नाही. लेट्यूस नाही मिळालं तर कोबीचं कोवळं पान चालतं, ते टोमॅटोच्या खाली ठेव.

आता तुझ्या साडेदहाचं. पत्रातली ती ओळ वाचून मला वाईट वाटलं. बन, टिक्की, फ्राइज, सॉस ही चार पूर्ण कामं तू एका संध्याकाळी, पहिल्यांदा, एकटीने ओढलीस. असं पुन्हा करू नकोस. येत्या रविवारी फक्त बन कर आणि उसळीबरोबर खा. त्याच्या पुढच्या आठवड्यात फ्राइजचं पहिलं तळण करून फ्रीझरमध्ये ठेव, ते महिनाभर टिकतील. बनही गार झाल्यावर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये राहतात, आदल्या रात्री बाहेर काढले की झालं. ज्या शनिवारी बर्गर करायचा, त्याच्या शुक्रवारी रात्री बटाटे उकडून ठेव आणि चक्का टांग. शनिवारी दुपारी टिक्क्या थापून फ्रिजमध्ये ठेव. मग संध्याकाळी तुझ्याकडे फक्त तवा आणि कढई उरते, सगळं मिळून चाळीस मिनिटांचं काम. बन भाजायचं काम ह्यांना दे. आणि चाळणीत पडलेल्या फ्राइजवर मीठ घालायचं काम लेकीला. मीठ गरमागरम असतानाच पडायला हवं, नाहीतर चिकटत नाही, तेव्हा तिला तुझ्या शेजारीच उभं राहावं लागेल. पहिली फ्राय चाखायचा हक्कही तिलाच दे, आणि ती काय म्हणते ते मला कळव.